आमच्या माशाचं नाव

११ जून, नावुनिसेआ

बोलले एकदाची. सभागृहात सगळ्यांनी चटईवर मांडी घालून बसायचं असतं, बोलणाऱ्यानेही.

विषय आमच्या बंद पाण्याचा होता. भूशिराच्या टोकापासून पांढऱ्या खडकापर्यंतचं प्रवाळ गावाने चार वर्षांपूर्वी बंद केलं. जाळं नाही, गळ नाही, वरून होडीसुद्धा न्यायची नाही. जुन्या प्रमुखांची ती शेवटची इच्छा होती, की आमचा मासा परत यावा. आमच्या कुळाचा मासा, ज्याच्यावरून सगळी बेटं आम्हाला ओळखतात, तोच आमच्या पाण्यातून नाहीसा झाला होता. आता डिसेंबरच्या सभेत ठरायचं आहे, पाणी बंद ठेवायचं की खुलं करायचं. खुलं करा म्हणणारे वाढत चालले आहेत आणि त्यांचंही काही चूक नाही. इतकी वर्षं लोक लांबच्या पाण्यात जातात, इंजिनाला तेल लागतं, वारा फिरला की रिकाम्या हाताने परत येतात.

मोमो सेरू, म्हणजे माझे मामा, गावचे सरपंच आहेत. ते म्हणाले, मासा आलाय का बघायला आत जायचं तर बंदी मोडते, आणि न बघता ठरवायचं तर ती आंधळी कोशिंबीर. तेव्हा मी बोलायची परवानगी मागितली.

मी सांगितलं की मत्स्य खात्याने गेल्या वर्षी तुमच्याच परवानगीने तळाशी कॅमेरे ठेवले आहेत आणि त्यांनी काढलेले फोटो आमच्या प्रयोगशाळेत ढिगाने पडून आहेत. माणसाने मोजायचे तर जन्म जाईल. यंत्र मोजू शकतं, पण यंत्राला एकही मासा ओळखता येत नाही, त्याला नावं शिकवावी लागतात, आणि या पाण्यातली नावं तिकडे राजधानीत, सुव्यात, कोणाला येत नाहीत, तुम्हाला येतात. म्हणून मी फोनवरचा एक खेळ केला आहे. दोघांना एकच फोटो दिसतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. दोघांनी माशाचं नाव लिहायचं. नाव जुळलं तर दोघांना कवड्या, आणि यंत्राला एक धडा. ओळखता आला नाही तर 'सोडून द्या' असं बटण आहे.

म्हातारी मंडळी हसली. एक जण म्हणाले, "म्हणजे आम्ही खेळायचं आणि मशीनने शिकायचं. आमच्या घरात पोरांचं नेमकं उलटं आहे."

मी शेवटी असंही म्हणून बसले, की डिसेंबरला जो आकडा येईल तो मी जसाच्या तसा सांगेन. मासा आला नसेल तर आला नाही असंच सांगेन. मोमो सगळ्यांकडे बघून म्हणाले, "ऐकलंत ना, पोरगी काय म्हणाली?"

आई म्हणते, छान बोललीस, पण 'आकडेवारी' फार वेळा म्हणालीस.

१९ जून, सुवा

पुन्हा प्रयोगशाळा, पुन्हा सुव्याचा कधी न संपणारा चिखल, आणि पुन्हा आपिसाई. तो संगणकाचं काम उत्तम करतो याची मला रोज स्वतःला आठवण करून द्यावी लागते. तो दालिकोनीचा. दालिकोनी आणि आमचं गाव तौवू आहेत, दोघांचं मूळ दैवत एकच. म्हणून एकमेकांना वाटेल ते बोलायचा, एकमेकांचं काहीही उचलून न्यायचा दोघांना पिढीजात हक्क आहे, आणि राग धरायची मनाई. हा हक्क आपिसाई माझ्या डब्यावर बजावतो. आज मी हात धुऊन येईपर्यंत अर्धा कसावा आणि नारळाच्या दुधातला मासा गायब.

मी म्हटलं, "तुझ्या बापाचं आहे का?"

"नाही, तुझ्या बापाचं आहे. म्हणून तर खातोय."

वर आमच्या माशाचं नाव घेतलं, मोठ्याने, सगळ्या खोलीसमोर. मी कानावर हात ठेवले. हक्क आहे त्यांचा, ठीक आहे, पण प्रयोगशाळेत?

२ जुलै

खेळ आजपासून खुला. नाव ठेवलं आहे 'थावा ओंगो', म्हणजे 'हे काय'. मीच पहिली खेळले. समोर कोण होतं माहीत नाही. तांबोशी जुळली, पोपटमासा जुळला, हेकरू मी बरोबर लिहिला आणि समोरच्याने 'दगड' लिहिलं, पण त्यात त्याचा दोष नाही, हेकरू दगडच होऊन बसला होता. एका फोटोत चक्क आमचा आला. किती देखणा. मी 'सोडून द्या' दाबून पुढे गेले.

रात्री झोप येईना इतका आनंद झाला आहे. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. बाबा मला विचारतात, "तू तिथे करतेस काय?" आणि मला कधी सांगता आलं नाही. आता सांगता येईल, की जे तुम्हाला येतं ते मी यंत्राला शिकवते आहे.

२१ जुलै

गावात खेळाने धुमाकूळ घातला आहे. चर्चच्या तरुण मंडळाने दोन गट पाडलेत. नेई मिलिका, माझी आत्या, हिने मासे धरणाऱ्या बायकांचा वेगळा गट काढला आणि तरुणांना पहिल्याच आठवड्यात लोळवलं. परवा प्रवचन चालू असताना मागच्या बाकावरून कवड्या मिळाल्याचा आवाज आला, तेव्हा पाद्रीबाबांनी पेत्र कोळ्याचा दाखला दिला की त्यानेसुद्धा प्रभूने हाक मारल्यावर जाळी खाली ठेवली होती. मग संध्याकाळी त्यांनी स्वतः खेळ उतरवून घेतला.

फक्त बाबांचं मला वाईट वाटतं. आई सांगते की जेवण झालं की ते ओट्यावर फोन घेऊन बसतात, तासभर खेळतात, गालातल्या गालात हसतात. मी त्यांच्या खात्यात पाहिलं तर एक कवडी नाही. सगळं 'सोडून द्या'. बहुतेक त्यांना खेळ कळलेला नाही. पुढच्या वेळी गेले की नीट समजावून देईन, त्यांना कमीपणा वाटणार नाही अशा बेताने.

८ ऑगस्ट

यंत्राने आज प्रथमच स्वतःहून हेकरू ओळखला. शेपटीचं टोक तेवढं दिसत होतं, बाकी सगळा कपारीत. मी आणि डॉक्टर लता दोघी एकदम उभ्या राहिलो. आपिसाई म्हणाला, एवढं तर माझी मांजर ओळखते. पण तोही उभा राहिला होता.

डॉक्टर लता माझ्या वरिष्ठ. त्या ऊसवाल्या भागातल्या, रकीरकीच्या. घरी हिंदी बोलतात, आमच्या पद्धती त्यांना पुस्तकातून माहीत आहेत आणि हे त्या स्वतःच सांगतात. आज मी त्यांच्यापाशी मनातली एक शंका काढली. लोक खेळतात ते गंमत म्हणून. त्यातून आपण त्यांचं ज्ञान घेतो. हे लबाडीचं तर नाही? त्या म्हणाल्या, त्यांना माहीत आहे ना कशासाठी ते? मग लबाडी नाही. पण माहीत आहे असं धरून चालू नकोस, प्रत्येक वेळी सांग. म्हणून खेळाच्या सुरुवातीला आता ओळ येते: तुमच्या उत्तरांवरून यंत्र शिकतं, आणि ते आपल्या बंद पाण्यातले मासे मोजणार आहे. आपिसाई म्हणतो, ही ओळ कोणी वाचत नाही. असेल. पण ती तिथे आहे.

१४ सप्टेंबर

पहिली मोजणी झाली.

तांबोशी भरपूर. पोपटमासे भरपूर. हेकरू अपेक्षेपेक्षा जास्त. आणि आमचा मासा शून्य.

मी पुन्हा चालवून पाहिलं. शून्य. सगळे कॅमेरे, सगळे महिने. मला तर एकदा दिसल्यासारखा आठवतो, पण चुकार एखादा भरतीबरोबर येऊन जातो, त्याला परत येणं म्हणत नाहीत. आकड्यापेक्षा स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा असता तर एवढं शिकले कशाला?

डॉक्टर लता परिषदेसाठी आपियाला गेल्या आहेत. कोणाशी बोलू? आपिसाईने डबा चोरला नाही आज. आज त्याने तो चोरायला हवा होता.

२७ सप्टेंबर, नावुनिसेआ

डिसेंबरपर्यंत थांबणं मला अप्रामाणिक वाटलं. गावाला आधीच कळायला हवं होतं, म्हणून बोटीने आले आणि मोमोंनी काल सभा बोलावली. मी इतर माशांचे आकडे सांगितले, लोकांनी माना डोलावल्या. मग म्हटलं, "आणि आपला... तो नाही. एकही नाही."

मला वाटलं होतं कोणी चिडेल, कोणी रडेल. पुरुष चटईची वीण बघत बसले. बायकांच्या बाजूला नेई मिलिका खोकली, मग तिच्या शेजारणी खोकल्या. एका चुलत्याने विचारलं, एकही नाही? मी म्हटलं, एकही नाही. त्यांनी तोंड उघडलं, बायकांकडे पाहिलं आणि मिटलं. बाबा पाणी आणायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. शेवटी मोमो म्हणाले की मशीनचं असं म्हणणं असेल तर डिसेंबरमध्ये पाणी खुलं करावं लागेल. तरी कोणी हरकत घेतली नाही. चार वर्षांची आशा अशी मुकाट्याने सोडून देणारी माणसं पाहून मला भरून आलं. केवढा हा संयम.

नंतर स्वयंपाकघरात नेई माझ्याजवळ बसली. म्हणाली, "तुझ्या मशीनला चष्मा लाव."

मी समजावलं की प्रश्न नजरेचा नाही, यंत्र माणसांनी दिलेल्या उत्तरांवरून शिकतं.

"तू स्वतः बघितलास का?"

"एखादा बघितला असेन, नेई. पण एखादा दिसणं म्हणजे आकडेवारी नव्हे."

तिने माझ्या ताटात अळकुडीचा आणखी एक तुकडा वाढला आणि म्हणाली, खा, बारीक झालीस.

६ ऑक्टोबर, सुवा

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

डॉक्टर लता परतल्या. मी निकाल पुढे ठेवला. त्यांनी विचारलं, शून्य कोणता? मी माशांचं पुस्तक उघडून चित्रावर बोट ठेवलं.

"नाव काय याचं?"

"हा."

"नाव, उनाइसी."

मी पुस्तक त्यांच्याकडे फिरवलं, म्हणजे त्यांना खालची ओळ वाचता येईल. त्यांनी ती मोठ्याने वाचली. मी खिडकीबाहेर पाहिलं. खोलीत दोन मुलगे काम करत बसले होते, माझे कान तापले.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हे नाव तुझ्या गावात कोण घेतं?"

मी सांगितलं की कोणीच घेत नाही. बायकांसमोर पुरुष घेत नाहीत, पुरुषांसमोर बायका घेत नाहीत, त्याचा अर्थ भलतीकडे जातो. एकटं असतानाही घेत नाहीत, सवयच नसते. त्याला नुसतं 'आपला' म्हणतात.

"आणि खेळात समोर कोण आहे ते दिसत नाही."

"नाही."

"म्हणजे बाई असेल, पुरुष असेल, सासरा असेल."

"हो."

"मग हे नाव तिथे कोण लिहिणार होतं?"

त्यांनीच माझ्या संगणकावर 'सोडून द्या' झालेले फोटो उघडले. पहिला आमचा. दुसरा आमचा. पुढे खाली खाली, सगळे आमचे: एकटा, जोडीने, गवतात पिल्लांची झुंड, एक तर कॅमेऱ्याच्या काचेला तोंड लावून आत बघणारा. अख्ख्या गावाने हजारो वेळा त्याला पाहिलं होतं आणि हजारो वेळा सभ्यपणे मान फिरवली होती. पाद्रीबाबांनी, नेईने, मी. प्रत्येकाला वाटलं असेल, दुसरा कोणी लिहील.

आणि सभेत मी त्यांना म्हटलं, एकही नाही.

मी म्हटलं, आत्ता लिहिते. फोटो समोर घेतला, पहिलं अक्षर उमटवलं. कोणी बघत नव्हतं, डॉक्टर लता तर मुद्दाम चहाला गेल्या होत्या. पुसलं. पुन्हा उमटवलं. मग बोट आपणहून 'सोडून द्या'वर गेलं. विज्ञानाची पदवी आहे माझ्याकडे.

या वहीतही मागे जाऊन पाहिलं. तिथेही नाही.

९ ऑक्टोबर

इतर विद्यार्थ्यांकडून करून घ्यावं म्हटलं तर त्यांना मोठा ओळखता येतो, पिल्लू येत नाही. पिल्लाचा रंग वेगळा, पट्टे वेगळे, ते आमच्या पाण्यावर वाढलेल्यालाच कळतं. हे मी बोलत असताना आपिसाई माझ्या डब्यातली शेवटची अळकुडी खात होता.

"का, आम्ही मेलो होतो का?" तो म्हणाला. "आमचं पाणी तुमच्या शेजारी. आणि ते नाव घेऊन तुम्हाला चिडवतच आम्ही बोलायला शिकलो. दालिकोनीला दे."

मला हसावं की रडावं कळेना. रीतसर हवं म्हणून नेईला फोन केला, गावाला चालेल का विचारलं. ती इतकी हसली की फोन बहुतेक चटईवर पडला. मग म्हणाली, "दे त्यांना. पण मग त्यांची बोय आम्हाला पाहिजे."

दालिकोनीचा मासा बोय. बोय, बोय, बोय. घे लिहिलं, आपिसाई.

१८ ऑक्टोबर

दालिकोनीला खेळ दिला आणि अनर्थ झाला.

सगळं गाव तुटून पडलं आहे, दात नसलेल्या म्हाताऱ्यांपासून. आणि सगळे एकच नाव लिहितात. मासा दिसला, आमचा मासा. दगड दिसला, आमचा मासा. समुद्रकाकडी, आमिषाची पिशवी, पाणबुड्याचा पाय, सगळं आमचा मासा. दोन्हीकडे दालिकोनीवाले असले की नाव जुळतं, कवड्या मिळतात, यंत्र शिकतं. आजच्या मोजणीप्रमाणे आमच्या बंद पाण्यात पाण्यापेक्षा आमचे मासे जास्त आहेत. आपिसाई जमिनीवर बसून हसत होता, डोळ्यांतून पाणी.

मी खूप रागावले. तो म्हणाला, "कशाला चिडतेस? हाच आकडा ने डिसेंबरला. पाणी बंद राहील. तुला तेच हवंय ना?"

हवंय. खोटं कशाला लिहू, घटकाभर मला तो आकडा फार आवडला. कोणी तपासणार नव्हतं. मोमोंनी सुटकेचा श्वास सोडला असता. पण हा त्या शून्याइतकाच खोटा आहे. एकदा मी गावाला खोटं सांगून आले, ते न कळून. आता कळून कसं सांगू?

त्याला तसं सांगितलं. तो हसायचा थांबला. म्हणाला, बस, काहीतरी करू.

२६ ऑक्टोबर

केलं. आपिसाईची अर्धी कल्पना, माझी अर्धी.

नाव दालिकोनीने लिहायचं. मग तोच फोटो आमच्या गावाला दिसतो, नाव लपवलेलं, कोणतं ते सगळ्यांना ठाऊकच, आणि खाली एवढंच विचारलेलं: 'दालिकोनीवाले खरं बोलतायत का?' उत्तर खरं किंवा खोटं. आमच्या लोकांना तोंडातून, बोटातून काही काढावं लागत नाही. बोयच्या बाबतीत उलट. आम्ही लिहायचं, त्यांनी निवाडा द्यायचा. मधूनमधून आम्हाला उत्तर पक्कं माहीत असलेले फोटो पेरले आहेत. तिथे जो थाप मारेल त्याच्या अख्ख्या गावाच्या कवड्या कापल्या जातात.

पहिल्या दिवशी दालिकोनीची पाटी कोरी झाली. दुसऱ्या दिवशी आपिसाईला त्याच्या काकांचा फोन आला. चारचौघांत तौवूंच्या खाली बसायला लावलंस म्हणून दहा मिनिटं झाडलं त्याला. तेव्हापासून दालिकोनीवाले सुताराने रंधा मारावा तसे जपून लिहितात.

४ नोव्हेंबर

काम मनासारखं चाललं आहे. यंत्राला पिल्लं ओळखता यायला लागली. आंब्यांचा मोसम सुरू झाला, डॉक्टर लतांनी रकीरकीहून पिशवीभर आणले आणि मीठ-मिरची लावून तिघांनी कैऱ्या खाल्ल्या.

आई म्हणाली, बाबांच्या फार कवड्या झाल्या. दिवसभर 'खरं', 'खरं' दाबत असतात, मध्येच एखादं 'खोटं', तेव्हा मांडीवर थाप मारतात. मला समजावून द्यायला वेळच झाला नाही, पण त्यांना खेळ आपोआप कळला असावा. बरं वाटलं.

२३ नोव्हेंबर

मोजणी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी तपासली. आकडा टिकतो.

आला आहे. खूप नाही, पण आला आहे. पांढऱ्या खडकाकडच्या गवतात पिल्लं आहेत, म्हणजे तो नुसता येऊन जात नाही, राहतो. टोकाच्या बाजूला मात्र खरोखरच कोणी नाही. तिथे एकाही ऋतूत नाही. तिथे बाकीचे मासे मात्र जाळ्याला पुरून उरतील इतके आहेत.

मला सगळं पाणी बंद राहिलेलं आवडलं असतं. पण टोकाचं पाणी कशासाठी बंद ठेवा म्हणू? लोकांना लांब जावं लागतं हेही खरंच आहे. दोन्ही सांगायचं ठरवलं.

५ डिसेंबर, नावुनिसेआ

सभा झाली. मी चटईवर, डोकं खाली.

दालिकोनीहून दोन होड्या भरून माणसं आली होती, कोणी बोलावलं नव्हतं. तौवूंना बोलावणं लागत नाही. येताना त्यांनी मोमोंच्या परसातला एक कोंबडा धरला आणि तोच भेट म्हणून मोमोंना दिला. यांगोना या मुळाच्या पेयाची पहिली वाटी फिरून होईपर्यंत आपिसाई सभ्य माणसासारखा बसला होता.

मी आधी क्षमा मागितली. म्हटलं, सप्टेंबरमध्ये मी सांगितलं ते चूक होतं. यंत्राची चूक नव्हती, तुमचीही नाही. ज्याचं नाव आपण कोणीच घेत नाही ते त्याला कळणार कुठून, हे मला सुचायला हवं होतं. बायकांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, "आम्ही खोकलो होतो गं." सगळं सभागृह हसलं, मीही.

मग आकडे सांगितले. तांबोशी, हेकरू, बाकीचे. टोकाच्या बाजूचं सांगितलं, लपवलं नाही. आणि म्हटलं, "खडकाच्या बाजूला तो आला आहे. पिल्लंही आहेत."

मोमोंनी चेहरा अगदी गंभीर ठेवला. "कोण आलाय?"

मी चटईकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

"सभेचा निर्णय होतोय, बाई. कोण आलाय ते स्पष्ट यायला हवं."

तेव्हा दालिकोनीचे सर्वांत वृद्ध गृहस्थ, आपिसाईचे काका, मागून उठले. उठायलाच त्यांना वेळ लागला. उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि ते नाव घेतलं. पूर्ण, स्पष्ट, बाहेर होड्यांपर्यंत जाईल असं. बायकांनी किंकाळ्या मारून तोंडं झाकली, तरुणांनी चटया बडवल्या, पाद्रीबाबा छताकडे बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. काकांनी तेच नाव पुन्हा घेतलं, मग आकडा सांगितला, आणि म्हणाले, "हे आम्ही मोजलंय. म्हणजे लबाडी असेल तर आमची. आणि आम्ही आजवर तुमच्याबद्दल एकच गोष्ट खरी बोललो, ती ही."

त्यानंतर निर्णयाला फार वेळ लागला नाही. टोकाकडचं पाणी खुलं, सोमवारपासून. खडकाकडचं बंद, तीन वर्षं आणखी. खुलं करा म्हणणाऱ्यांचे म्होरके होते त्या चुलत्यांनीच तसा शब्द टाकला. मला काही करावं लागलं नाही.

बाबा आज शेवटपर्यंत बसले होते. घरी येताना म्हणाले, "त्या काचेला तोंड लावणाऱ्याचा फोटो मला मोठा करून दे." मी विचारलं, तुम्ही तो कधी पाहिलात? ते म्हणाले, जुलैत.

१६ डिसेंबर, नावुनिसेआ

सुट्टी. मत्स्य खात्याने सभागृहात लावायला एक पडदा दिला आहे. यंत्र दर आठवड्याचे आकडे त्याच्यावर दाखवणार, गावाला आपलं पाणी बघता यावं म्हणून. मोमोंनी मला बाजूला घेऊन विचारलं की सगळं ठीक, पण तिथे बायका-पुरुष एकत्र बसतात, पोरांचे वर्ग भरतात. ते नाव भिंतीवर कसं चालेल?

डॉक्टर लतांना फोन केला. त्या म्हणाल्या, यंत्राला नावाशिवाय मासा ठेवता येत नाही, पण दाखवायचं काय ते तू ठरव. मी बसून केलं. यंत्राला नाव माहीत आहे, ते आमच्या गावात दाखवत नाही. दालिकोनीच्या पडद्यावर दाखवतं, आणि आपिसाईने तिथे अक्षरं दुप्पट मोठी केली आहेत असं ऐकते. बोयची ओळ त्यांच्याकडे मोकळी आहे, आमच्याकडे नाही.

आज संध्याकाळी पहिले आकडे आले. नेई मिलिकाने उभं राहून सगळ्यांसाठी वाचून दाखवले. तांबोशी आणि तिचा आकडा, पोपटमासा आणि त्याचा आकडा, हेकरू आणि त्याचा. मोकळ्या ओळीपाशी आली, थांबली, बाही सारखी केली आणि नुसता आकडा वाचला.

मागून कोणीतरी म्हणालं, "परत वाच."

तिने परत वाचला.